मोलगीच्या मोटारसायकलवाल्याला दुकान कसे हवे?

'डर्ट बाइक' हा शब्द अलीकडे मराठी वर्तमानपत्रांत वरचेवर वाचायला मिळतो. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली. मैदानात मातीचे उंचवटे रचले गेले आणि देशी-परदेशी स्वारांनी त्यांवरून गाड्या उडवल्या. या खेळाच्या गाड्या, उदाहरणार्थ कावासाकीची के. एल. एक्स. ११०, भारतात विक्रीस आल्या खऱ्या. परंतु त्यांची आर.टी.ओ.कडे नोंदणी होत नाही व त्या सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाहीत. हौशी माणसाने बंदिस्त मैदानात चालवायची ती वस्तू. त्याबद्दल आम्हास काही म्हणायचे नाही.

आम्हास लिहायचे आहे ते मोलगीबद्दल. तिथे डर्ट बाइक म्हणून वेगळी गाडी विकत घ्यावी लागत नाही. शोरूममधून आणलेली साधी शंभर सी.सी.ची गाडी देवगोईचा घाट चढून मोलगीच्या पुढे एखाद्या पाड्यावर गेली की ती आपोआपच डर्ट बाइक होते. अर्धा रस्ता डांबरी, पुढे मुरूम, त्यापुढे नाल्यातले गोटे, आणि शेवटी शेताच्या बांधावरची वाट. सातपुड्यात चालणारी प्रत्येक मोटारसायकल हा सगळा प्रवास रोज करते. असे असताना या गाड्यांसाठी चालणारी दुकाने मात्र शहरातल्या दुकानांची नक्कल करताना दिसतात. आमच्या व्यापारी बांधवांपैकी बरेच जण, विशेषतः तरुण मुले, स्पेअर पार्ट आणि गॅरेजच्या धंद्यात आहेत किंवा येऊ पाहत आहेत. तेव्हा गिऱ्हाईकाला खरोखर काय हवे, याचा विचार या पानावर होणे अगत्याचे वाटते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मोलगी ही डोंगरातली बाजारपेठ. अक्कलकुवा हे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरचे गाव, तिथून घाट चढून मोलगीस यावे लागते. पलीकडे धडगाव, उत्तरेस नर्मदेचा काठ. काठी, भगदरी, डाब, पिंपळखुटा अशी गावे आणि त्यांचे डोंगरभर विखुरलेले पाडे. इथले 'गाव' सपाटीवरच्या गावासारखे एका जागी नसते. एका टेकडीवर चार घरे, दुसरीवर सहा. बाजाराला यायचे, आमचूर किंवा मोहाची फुले विकायची, मीठ-तेल-कापड घ्यायचे आणि अंधारापूर्वी परतायचे, हा इथला व्यवहार. आठवडे बाजारात कापडाचे गाठोडे सोडणारे आम्ही लोक या माणसाला ओळखतो. घरी परत जायची वेळ ही त्याच्या प्रत्येक खरेदीच्या मागे उभी असते.

पूर्वी या डोंगरात एस्कॉर्ट्सची राजदूत एखाद्या ग्रामसेवकाकडे किंवा व्यापाऱ्याकडे दिसे. १९८५ साली हीरो होंडाची सी.डी. १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि कमी पेट्रोलवर चालणारी गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. यामाहाची आर.एक्स. १०० तरुणांना फार आवडे, पण तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. आज मोलगीच्या बाजारात उभ्या असलेल्या गाड्या पाहाव्यात. ऊसतोडीला किंवा सौराष्ट्रात शेतमजुरीला जाऊन आलेल्या माणसाने कमाईतून घेतलेली गाडी, शिक्षकाची गाडी, आशा कार्यकर्तीच्या नवऱ्याची गाडी, वीज मंडळाच्या वायरमनची गाडी. जीपगाडी जिथे थांबते तिथून पुढे हीच गाडी माणसांना, आमचुराच्या पोत्यांना आणि दुखणेकऱ्यांना नेते. वाट जिथे संपते तिथे आजही आजाऱ्याला झोळीत घालून खांद्यावरून आणावे लागते. आणि झोळी जिथे रस्त्याला लागते तिथे मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेणारे वाहन बहुधा मोटारसायकलच असते. २०१७ साली मुंबईत मोटारसायकल रुग्णवाहिका सुरू झाल्या व पुढे पालघर-मेळघाटासारख्या भागातही त्या गेल्या, त्याची कौतुकाने चर्चा झाली. सातपुड्यात ही सेवा कोणत्याही योजनेच्या आधीपासून घरच्या गाडीवर चालू होती.

अशा गाडीचा मालक दुकानात येतो तेव्हा काचेच्या कपाटात त्याला काय दिसते? रंगीत स्टिकर, डोळे दिपवणारे दिवे, मोठ्या आवाजाचे सायलेन्सर, हॅण्डलचे फुंदे. यांत नफा बरा आहे, हे आम्हालाही कळते. पण क्लच वायर मागितली तर ती 'मागवावी लागेल'. ब्रेक शू आहे, पण दुसऱ्या गाडीचा. दुकानाचे नाव ऑटोमोबाईल्स आणि आत निम्मे दुकान शृंगाराचे. कापडाच्या दुकानात लेस आणि फिती भरपूर आणि मांजरपाट नाही, असा हा प्रकार झाला.

मोलगीच्या स्वाराची पहिली मागणी टायरची आहे. कंपनीकडून येणारा टायर मुख्यतः डांबरी रस्त्याचा. त्याची नक्षी उथळ असते आणि ओल्या मुरमात ती चिखलाने भरून सपाट होते. म्हणून कोणी दुकानदार त्याला थेट मोठ्या गोट्यांचा 'बटण टायर' गळ्यात मारतो. तो चिखलात उत्तम धरतो यात शंका नाही. परंतु याच माणसाला अक्कलकुव्याला जायला घाटातला डांबरी उतार उतरायचा असतो. ओल्या डांबरावर त्या गोट्यांचा जेवढा भाग टेकतो तेवढीच पकड, आणि उन्हाळ्यात तो झिजतोही लवकर. याला दोन्हीकडे चालेल असा मधला टायर हवा: खोल खाचांचा, पण मधोमध सलग पट्टी असलेला. ही गोष्ट दुकानदाराने विचारून समजून घेतली पाहिजे. "रोज कुठून कुठे जाता?" हा एक प्रश्न विचारणारा दुकानदार टायरच्या कंपनीच्या जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तीच गोष्ट चाकाची. अलॉय व्हील दिसायला देखणे, त्यात ट्यूबलेस टायर बसतो आणि पंक्चर झाले तर रस्त्यातच पट्टी भरून पुढे जाता येते. सपाटीवर हे सोयीचे आहे. पण नाल्यातल्या गोट्यावर अलॉयची कड आपटली तर ती वाकते किंवा तडकते आणि मग हवा धरत नाही. तारांचे चाक वाकले तर तारा ताणून 'आउट' काढता येतो, तुटलेली तार बदलता येते, आणि हे काम करणारा माणूस मोलगीत मिळू शकतो. तडकलेले अलॉय घेऊन मात्र घाट उतरावा लागतो. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी ठेवली तर दगडावर ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोके पडतात, हेही तरुण स्वारांना ठाऊक नसते. चिखलासाठी हवा थोडी कमी करणे ठीक, पण किती कमी, हे गाडीवर किती ओझे आहे ते पाहून सांगायला हवे. दुकानाच्या दारात हवा मोजण्याचे चालू स्थितीतले मीटर असणे ही काही मोठी गुंतवणूक नव्हे.

मग मोठी गाडीच का घेत नाहीत, असे शहरातले मित्र विचारतात. हीरोने २०११ साली इम्पल्स नावाची उंच गाडी काढली होती. ती फार चालली नाही आणि बंद झाली. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. तिचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, तर स्प्लेंडरचे १६५. दगडावर आपटण्याच्या दृष्टीने हा दोन इंचांहून अधिक फरक फार मोठा आहे. पण किंमत जास्त, पेट्रोल जास्त, सीट उंच, आणि मागे बायको-पोर व पुढे टाकीवर पिशवी घेऊन बसायचे तर अडचण. शिवाय तिचा पार्ट मोडला तर तो मिळायला दिवस जातात. म्हणून माणूस स्प्लेंडर, प्लॅटिना, एच.एफ. डिलक्स यांवरच राहतो. तो चुकतो असे आम्हास वाटत नाही. ज्या गाडीचा पार्ट गावात मिळतो तीच त्याच्यासाठी चांगली गाडी.

आता ब्रेकबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. लहान गाड्यांना बहुधा ड्रम ब्रेक असतात. लांबच्या उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतो, शूचे अस्तर काचेसारखे गुळगुळीत होते आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो. नाला ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी जाते, त्यानंतरचे पहिले काही दाब वायाच जातात. उपाय जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये चढ चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. परंतु पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून, कधी इंजिनच बंद करून घाट उतरण्याची सवय सर्रास आहे. २०२० नंतरच्या बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत तर गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर सोडला की इंजिनला पेट्रोल जाणेच थांबते. म्हणजे न्यूट्रल करून वाचत काहीच नाही, उलट न्यूट्रलवर चालू इंजिन थोडे पेट्रोल पितच असते. ही एक गोष्ट दुकानदाराने प्रत्येक ब्रेक शू विकताना गिऱ्हाईकाच्या बोलीत सांगितली तर तिची किंमत त्या शूपेक्षा अधिक आहे. आणि बोलीबद्दल सांगायचे तर, डोंगरात व्यापार करणाऱ्या आमच्या वाडवडिलांना भिली येत असे. नव्या पिढीने ती सोडू नये.

चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, एअर फिल्टर यांची यादी करीत बसत नाही; मेकॅनिक मंडळींना ती आमच्याहून चांगली ठाऊक आहे. एवढेच की चेन चिखल-वाळूत लवकर ताणली जाते आणि ती दोन्ही स्प्रॉकेटसह बदलली नाही तर नवी चेन जुन्या दात्यांवर काही महिन्यांत खराब होते. हे आधी सांगावे, नंतर गिऱ्हाईक रागावून आल्यावर नव्हे. कंपनीच्या पुस्तकात ऑइल आणि फिल्टर बदलण्याचे जे किलोमीटर छापलेले असतात ते मुरमाच्या धुळीचा हिशेब धरून छापलेले नसतात. मोलगीत ते अंतर कमीच धरले पाहिजे.

खरी मागणी याच्याही पलीकडची आहे, आणि ती म्हणजे खरेपणाची. कापडाचे गिऱ्हाईक कापड चिमटीत धरून चोळते, उन्हात नेऊन रंग पाहते, धागा ओढून बघते. अडाणी म्हणवली जाणारी पावरा बाईसुद्धा लुगड्याच्या पोतावरून त्याची किंमत सांगते. तिला फसवणे सोपे नाही. स्पेअर पार्टचे तसे नसते. ब्रेक शूचे अस्तर अस्सल आहे की नकली, ते शिकलेल्या माणसालाही हातात धरून कळत नाही, घाटात कळते. बाजारात नकली मालाचे खोके अस्सलपेक्षा चकचकीत असते. ऑइलच्या जुन्या डब्यांत काय काय भरून येते ते सर्वांना माहीत आहे. आमच्या फेरीच्या गाडीला एका गावात 'कंपनीचा' म्हणून घातलेला क्लच सेट पंधरवड्यात जळाला. दुकानाचे नाव घेत नाही, कारण तो प्रकार एका दुकानाचा नाही.

मदीनेच्या बाजारातला प्रसंग वाचकांना माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पाऊस पडल्याचे कारण सांगितले. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यास विचारण्यात आले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असा स्पष्ट इशारा देण्यात आला. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. आता हाच नियम ब्रेक शूला लावून पाहावा. दुकानात स्वस्त, बिनकंपनीचा माल ठेवूच नये असे आमचे म्हणणे नाही. गरीब माणसाला कधी तोच परवडतो आणि हॅण्डलची मूठ किंवा आरसा स्वस्त घेतला तर कोणाचा जीव जात नाही. पण तो वेगळ्या फळीवर असावा आणि विकताना "हा कंपनीचा नाही" असे तोंडाने सांगावे. ब्रेक, टायर, चेन आणि हॅण्डलचे बेअरिंग यांत मात्र नकली माल दुकानात आणूच नये.

भावाचाही प्रश्न आहे. घाट चढून माल आणावा लागतो म्हणून छापील किमतीवर वीस-पंचवीस रुपये जादा घेतले जातात. पॅकबंद मालावर छापील किमतीपेक्षा जास्त घेणे २०११ च्या वजनमापे विषयक नियमांप्रमाणे गुन्हा आहे, आणि ते डोंगरात लागू नाही असे कुठे लिहिलेले नाही. ज्याला घाटाचे भाडे परवडत नाही त्याने दोन-तीन दुकानदार मिळून नंदुरबारहून किंवा सुरतहून एकत्र माल मागवावा. ठोक खरेदीत ते भाडे निघते. मजुरी वेगळी सांगावी आणि पाटीवर लिहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलींवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वाहनांच्या सर्व सुट्या भागांवरही सरसकट १८ टक्के झाला. ज्या पार्टवर आधी २८ टक्के लागत होते तो त्यामुळे स्वस्त व्हायला हवा. गिऱ्हाईकाला हे माहीत नाही म्हणून जुना भाव चालू ठेवणे हे ओले धान्य खाली दडवण्यासारखेच आहे.

शिंपी चांगला असला तर उरलेल्या कापडाचे तुकडेही गिऱ्हाईकाला परत देतो. मेकॅनिकनेही काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून परत द्यावा. त्यात दोन फायदे आहेत. पार्ट खरोखर बदलला याची खात्री पटते, आणि थोडा जीव शिल्लक असलेली जुनी क्लच वायर गिऱ्हाईक डिकीत ठेवतो व एखाद्या दिवशी ती त्याला रानातून घरी आणते.

उधारीशिवाय डोंगरात धंदा होत नाही. इथे पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो: एप्रिल-मेमध्ये आमचूर विकल्यावर, पिके निघाल्यावर, आणि होळीच्या आधी मजूर गुजरातेतून परतल्यावर. काठीची राजवाडी होळी आणि त्याआधीचे भोंगऱ्या बाजार या दिवसांत आमच्या कापडाच्या धंद्याची जशी वसुली होते तशीच पार्टवाल्याचीही होऊ शकते. ज्याला हे वेळापत्रक मान्य नाही त्याने मोलगीत दुकान टाकू नये. मात्र उधारी लिहून ठेवावी, दोघांच्या समोर, आणि त्याची एक चिठ्ठी गिऱ्हाईकालाही द्यावी. कुरआनने सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश दिला आहे आणि त्याच्याच आधी, अडचणीत असलेल्या कर्जदाराला सवलत देण्यास सांगितले आहे. दोन्ही एकत्र पाळायच्या गोष्टी आहेत. काही ठिकाणी उधारीपोटी गाडीचे आर.सी. बुक ठेवून घेतात आणि उशीर झाला की रक्कम वाढवून सांगतात. वाढवलेली रक्कम म्हणजे व्याजच, ते आपल्याला हराम आहे. सरकारनेही २०१४ च्या कायद्याने बिनपरवाना सावकारी गुन्हा ठरवली आहे. आणि कागदाविना गाडी घेऊन निघालेला माणूस रस्त्यात पोलिसांच्या हाती सापडला तर त्याचा दंड कोणी भरायचा? फायनान्स कंपनीचे हप्ते फेडता फेडता तो आधीच मेटाकुटीला आलेला असतो.

आता धंद्यातल्या तरुणांसाठी थोडे कठीण बोलतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस. सहा मानकाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी इंजेक्शन, सेन्सर आणि एक छोटा संगणक आला. ज्या मेकॅनिकने वीस वर्षे स्क्रू ड्रायव्हर आणि कानाच्या जोरावर गाड्या जुळवल्या, त्याच्यासमोर मीटरवर पिवळा दिवा लागलेली गाडी येते आणि तो वायरी ओढून पाहतो. त्यात चांगली गाडी बिघडते. मग गिऱ्हाईक गाडी पिकअपमध्ये टाकून नंदुरबारला शोरूमला नेतो. भाडे, दुरुस्ती आणि दोन दिवसांची मजुरी त्याच्याकडून जाते, आणि धंदा मोलगीतून. दोष वाचणारे स्कॅनर आता लहान गॅरेजवाल्याच्या आवाक्यात आले आहे. यंत्र घेणे सोपे, ते दाखवते त्याचा अर्थ लावायला शिकणे अवघड. हे शिक्षण घेतलेला एक जरी मुलगा मोलगीत बसला तर त्याला गिऱ्हाईक शोधायला जावे लागणार नाही. अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी, ज्यांचे मे २०२५ मध्ये निधन झाले, दीनी शिक्षणाच्या जोडीला तंत्रशिक्षणाची संस्था उभी केली ती अशाच विचाराने. शेजारी हे उदाहरण असताना आमची मुले केवळ 'उस्तादा'च्या हाताखाली पाने पकडण्यावर का थांबतात?

आणि केवळ आमचीच मुले कशाला? भिल आणि पावरा मुले हाताने फार चलाख आहेत. पाड्यावर विळ्याच्या टोकाने गाडी खोलून बसवणारी पोरे असतात. त्यांना कामाला ठेवताना झाडलोट आणि पंक्चरपुरते ठेवू नये, पूर्ण काम शिकवावे. उद्या ती शेजारी दुकान टाकतील अशी भीती काहींना वाटते. टाकू द्यावे. भांडवल आपले आणि मेहनत त्यांची अशा भागीदारीला आपल्याकडे मुदारबत म्हणतात, ती याच कामी येते: पिंपळखुट्याला किंवा काठीला शिकलेल्या मुलाचे छोटे गॅरेज, माल मोलगीच्या दुकानातून, नफा ठरलेल्या वाट्याने.

पेट्रोलची एक नवी अडचण आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत किंवा बाटलीत पाणी शिरले तर ते इथेनॉलसह खाली बसते आणि गाडी तेवढेच ओढून बंद पडते. मोलगीचा पाऊस, झाकण नीट न लागणारी जुनी टाकी आणि रस्त्याकडेला बाटलीत विकले जाणारे पेट्रोल, हे तिन्ही एकत्र आले की काय होते ते पावसाळ्यात कोणत्याही गॅरेजवाल्यास विचारावे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांवरही त्याचा परिणाम होतो. म्हणून टाकीच्या झाकणाचे रबर, पेट्रोल नळी आणि फिल्टर या स्वस्त वस्तू दुकानात कायम असाव्यात. बाटलीतले पेट्रोल दुकानात मात्र ठेवू नये; बेकायदा तर आहेच, शेजारी वेल्डिंग चालते तिथे तो वणवा आहे.

कापडवाले म्हणून एक गोष्ट आमच्या जिव्हाळ्याची. लुगड्याचा पदर, ओढणी, बुरख्याचा घोळ मागच्या चाकात किंवा चेनमध्ये जाऊन होणारे अपघात आपल्या समाजातही घडतात आणि डोंगरातही. मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी आणि मागे बसणाऱ्याला धरायला दांडी सक्तीची आहे. चिखल अडकतो म्हणून लोक ती जाळी आणि चेनचे कव्हर काढून टाकतात, आणि दुकानदारच ते काढून देतो. चिखल अडकणार नाही अशी थोडी लांब बसवलेली जाळी कोणताही वेल्डर करून देईल. काढून टाकण्याऐवजी ती बदलून द्यावी. हेल्मेटचेही तसेच. १ जून २०२१ पासून आय.एस.आय. शिक्क्याशिवाय हेल्मेट विकता येत नाही, तरी बाजारात टोपलीसारखी हेल्मेटे पोलिसांना दाखवण्यापुरती विकली जातात. ती विकणाऱ्याने ते एकदा आपल्या मुलाच्या डोक्यावर घालून पाहावे.

माल किती भरायचा हा प्रश्न तरुण दुकानदार आम्हास विचारतात, कारण पडून राहिलेल्या मालाचे दुःख कापडवाल्याइतके कोणाला कळणार? त्यांना आम्ही सांगतो की वही घेऊन एक बाजारदिवस रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या आल्या ते टिपून घ्या. तीन-चार मॉडेलांत बहुतेक गाड्या येतील. त्यांचे टायर, ट्यूब, ब्रेक शू, क्लच आणि ॲक्सिलेटरची वायर, लिव्हर, प्लग, चेन सेट, एअर फिल्टर, हॅण्डल आणि चाकाचे बेअरिंग, फोर्कचे ऑइल सील, हेडलाइटचा बल्ब एवढे कधीही संपू द्यायचे नाही. बाकीचे मागणी आल्यावर आणावे. पडून गाडी पडली तर सर्वांत आधी लिव्हर मोडते आणि लिव्हर मोडली की माणूस अडकतो. पाच-पन्नास रुपयांच्या वस्तूसाठी.

दुकान बाजाराच्या दिवशी सकाळी सातला उघडे हवे, कारण माणूस पाड्यावरून पहाटे निघालेला असतो आणि गाडी दुरुस्तीला टाकून मगच बाजार करतो. शिक्षक व आरोग्य कर्मचारी हे बारमाही गिऱ्हाईक. त्यांनाही कामावर जाण्यापूर्वीच येता येते. जुम्याच्या नमाजासाठी दुकान बंद राहते याला कोणाची हरकत नसते, पण पाटीवर वेळ लिहावी, म्हणजे दोन डोंगर ओलांडून आलेला माणूस बंद दाराशी ताटकळणार नाही. त्याच पाटीवर फोन नंबर मोठा लिहावा. गाडी रानात बंद पडली तर स्वार टेकडीवर चढून, जिथे रेंज मिळेल तिथून फोन करतो. पार्टचे नाव त्याला सांगता येत नाही, पण मॉडेल आणि काय झाले ते सांगता येते. दुकानदाराने ओळखून तो पार्ट त्या दिशेला जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती द्यावा, पैसे बाजारच्या दिवशी घ्यावेत. घरपोच माल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना हे जमलेले नाही. मोलगीच्या दुकानदाराला ते आजही जमते, आणि पावसाळ्यात दरड कोसळून देवगोईचा घाट बंद होतो तेव्हा वरच्या सगळ्या गाड्यांना त्याच्याच फळीवर काय आहे यावर दिवस काढावे लागतात. मे महिन्याच्या शेवटी ती फळी भरलेली असावी.